दादाची गळाभेट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होते. फोन उचलला. पलीकडून हळूच आवाज आला, "शोभाताई... तुमचे दादा उठूनच नाही राहिले." तिनं चहा ठेवून हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि मग समजलं. मी तशीच निघाले. हात धुवायचं भान राहिलं नाही आणि त्याच हातांनी डोळे पुसले. सौंसरपासून दादाच्या लोधीखेड्यापर्यंत ऑटोत मी अशी काही रडले की ऑटोवाल्यानं दोनदा थांबून पाणी विचारलं. त्यातलं रडणं किती आणि मिरची किती, हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. दादा असता तर पोट धरून हसला असता. "मी मेलो तं मिरची लावून रडली व तू," असं म्हणून त्यानं ती गोष्ट साऱ्या नात्यात सांगितली असती. आता तो नाही, म्हणून मीच सांगते आहे.

माझा दादा जेलमध्ये प्रहरी होता. पुढे मुख्य प्रहरी झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. नोकरी मध्य प्रदेशच्या पार दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या जेलात. पण इकडे गावात त्याला सगळे 'जेलरसाहेब'च म्हणायचे. सुरुवातीला तो समजावून सांगायचा की जेलर वेगळा, प्रहरी वेगळा, मी गेटवर उभा राहणारा माणूस आहे. मग त्यानं नाद सोडला. आईच तर म्हणायची, "माहा पोरगा जेलर आहे," आणि आईला दुरुस्त करण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती.

आमचे बाबा बोरगावकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत मजुरीला जायचे. दादा त्यांच्याबरोबर पेट्या उचलून उचलून दांडगा झाला होता. त्याच्या त्या दांडग्या अंगात एक खोड होती. तो माणसाला भेटला की नुसतं 'जयभीम' म्हणून थांबायचा नाही, कवटाळायचाच. लहानांना तर उचलूनच घ्यायचा, पण मोठ्यांनाही सोडायचा नाही. आमच्या मावशीच्या बांगड्या त्याच्या मिठीत दोनदा फुटल्या, तेव्हापासून ती त्याला पाहिलं की आधी हात मागे घ्यायची. नोकरीची ऑर्डर घेऊन पोस्टमन आला, तेव्हा दादानं पहिली मिठी पोस्टमनला मारली. तो बिचारा सायकलसकट कडुनिंबाला टेकला. बाबा दुरून म्हणाले, "आता जेलात जाऊन चोरायले गळे नको लागू रे बावा." सगळे हसले. बाबांना तेव्हा काय माहीत होतं...

पहिली काही वर्षं तो सुटीवर आला की आमच्याकडे गोष्टींची मेजवानी असायची. कोणता कैदी भजनं म्हणतो, कोणत्या साहेबाला पालीची भीती वाटते, जेलच्या भाजीत भोपळा किती प्रकारे येतो, असं सगळं. धोक्याची घंटा असते, तिला जेलात 'पगली' म्हणतात, हे त्याच्याकडूनच कळलं. पगली वाजली की जेवत असाल, झोपलेले असाल, अंघोळ करत असाल, तसं पळत सुटायचं. एका उन्हाळ्यात तो घरी आडवा झाला होता आणि गल्लीत कुल्फीवाल्यानं घंटी वाजवली. दादा ताडकन उठला आणि बनियनवर, एका पायात चप्पल, असा थेट कुल्फीच्या गाडीपर्यंत धावत गेला. तिथे पोचल्यावर त्याला कळलं की आपण सौंसरात आहोत. पण माघार घेईल तर दादा कसला! गल्लीतल्या सगळ्या पोरांना त्यानं कुल्फी खाऊ घातली, जसं काही त्यासाठीच धावला होता. आम्ही किती दिवस हसत होतो त्यावर. पोरं तर नंतर मुद्दाम घंटी वाजवायची.

पुढे गोष्टी कमी झाल्या. जेलात माणसं कमी आणि कैदी जास्त, एकाची जागा रिकामी राहिली की तिचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर. ड्यूटी संपली म्हणून बेल्ट काढावा तर पुन्हा बोलावणं. सुटी मंजूर व्हायची आणि सामान बांधल्यावर रद्द व्हायची. त्यात त्याला गेटवर टाकलं, तलाशीला. आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवायचा. काखा, पाठ, कंबर, खिसे, घोटे. कोर्टातून परतलेले कैदी, कामावरून आलेले, भेटीला आलेले बापे. बिडी, पुडी, ब्लेड, मोबाईल, काय काय निघायचं. आणि एखादी गोष्ट हातून सुटून आत गेली तर पहिली मान तलाशीवाल्याची. एकदाच तो याबद्दल माझ्याशी बोलला, माझ्या ओट्यावर बसून. म्हणाला, "शोभे, दिवसभर माणसायले हात लावतो मी. पण हा माणूस कसा आहे, बरा आहे का, हे नाही पाहत. यानं काय लपवलं, एवढंच पाहतो." मी म्हटलं, "मग छुट्टी घे ना." तो हसला, पण ते हसणं तोंडापुरतंच होतं.

त्याच सुमारास त्याची मिठी बंद झाली. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बंद झालेली गोष्ट दिसत नाही. तो यायचा, दुरूनच हात जोडायचा, भिंतीला पाठ लावून बसायचा, दरवाजाकडे तोंड करून. डाळीत मीठ कमी म्हणून ताटावरून उठायचा. त्याचा मुलगा राहुल मागून येऊन गळ्यात पडला तर त्यानं त्याला असं झटकलं की पोरगा पलंगावर जाऊन पडला. मग दादाच उठून अंगणात जाऊन बसला. वहिनी मला म्हणाली, "ताई, झोपेत हात लागला तरी दचकते. मले वाटते मी घरात नाही, गेटवर झोपून राहिली." आमच्या नात्यात मात्र याची कारणं तयार होती. कोणी म्हणे साहेबी चढली, कोणी म्हणे बीपी, कोणी म्हणे वय. सरकारी नोकरी, वेळेवर पगार, त्याला कसलं टेन्शन, हे तर सगळेच म्हणत.

आणि मग माझ्या प्रज्ञाचं लग्न आलं. तिचे बाबा ती शाळेत असतानाच गेले. त्यामुळे बापाच्या जागी दादाच उभा राहणार, हे ठरलेलंच होतं. आमच्याकडे लग्नात विधींचा पसारा नाही. त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांनी हार घातले की लग्न लागलं. पण इवाई-भेट मात्र कोणी सोडत नाही. वरात मंडपाच्या दाराशी आली की मुलीचा बाप आणि मुलाचा बाप, दोन्ही इवाई, सगळ्यांसमोर एकमेकांना कडकडून गळाभेट देतात, वाजंत्री जोरात वाजते आणि मगच पाहुणे आत येतात. ती भेट नीट झाली म्हणजे दोन घरं जुळली, असं आम्ही मानतो.

दादाची सुटी शेवटच्या क्षणापर्यंत मंजूर होईना. मी तर फोनवर जेलच्या साहेबाला शिव्या तेवढ्या द्यायच्या बाकी ठेवल्या होत्या. शेवटी तो आला, लग्नाच्या दिवशी सकाळी, एकावर एक अशा दोन ड्यूट्या करून, तिथूनच थेट गाडीत बसून आणि अर्धा रस्ता उभ्यानं. डोळे तांबडे. मी म्हटलं, घटकाभर पड. "पडलो तं उठणार नाही," म्हणाला. अंघोळ केली, पांढरा कुर्ता घातला आणि मंडपाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. कसा उभा राहिला, ते मला आत्ताही दिसतं. पाय फाकवून, हात मागे बांधून, अगदी गेटवर उभा असल्यासारखा.

वरात पांढुर्ण्याहून आली. आमचे इवाई सुधाकरराव संत्र्याच्या मंडीत माल निवडून पेट्या भरण्याचं काम करत. बुटका, गोल, बोलका माणूस, डोक्याला गुलाबी फेटा. दोन्ही हात पसरून ते पुढे आले. दादाही पुढे झाला. बँडवाल्यांनी फुंकर मारली. दादानं त्यांना मिठीत घेतलं आणि मी पदरानं डोळे टिपले. टिपून पाहते तर दादाचे हात पाठीवर थांबलेच नव्हते. ते सुधाकररावांच्या काखेखालून निघाले, बरगड्यांवरून उतरले, कंबरेभोवती फिरले, कुर्त्याचे दोन्ही खिसे वरून चापपले... आणि उजव्या खिशात जाऊन एक पुडी घेऊन बाहेर आले. खर्ऱ्याची पुडी. आमच्याकडच्या बाप्यांचा जीव की प्राण, सुपारी-तंबाखू-चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला. दादानं ती सगळ्या वऱ्हाडासमोर उंच धरली आणि कधी घरात न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "हे काय होय? आत नाही चालत."

बँड बंद पडला. सनईवाल्याची सनई तोंडातच राहिली. सुधाकररावांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. वऱ्हाडातून कोणीतरी म्हणालं, "आमी काय चोर आहो का?" मी मनात म्हटलं, गेलं माझ्या पोरीचं लग्न. दादा मात्र तसाच उभा, पुडी वर धरलेली, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर आलं की आपण कुठे आहोत. पुडी त्याच्या हातातून पडली. तो वळला आणि गर्दीतून वाट काढत मागच्या सामानाच्या खोलीत निघून गेला.

लग्न वाचवलं ते आमच्या इहीनबाईंनी, सुधाकररावांच्या बायकोनं. त्या पुढे आल्या, खाली पडलेल्या पुडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "बाई बाई बाई! मले तं म्हणे सोडून देला! पोराच्या लग्नाच्या आधी सोडतो म्हणून विहारात कबूल केलं होतं यायनं! चांगलं झालं, मी इतके दिवस शोधून राहिली होती, त्या भाऊनं एका मिनिटात काढला!" एवढं बोलून त्या स्वतःच हसत सुटल्या. आधी बायका हसल्या, मग वऱ्हाड हसलं, मग बँडवालेही हसले. ज्यानं 'चोर आहो का' विचारलं होतं तो हळूच आपल्या खिशावर हात ठेवून मागे सरकला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

मी मागच्या खोलीत धावले. दादा तांदळाच्या कट्ट्यांवर, भरलेल्या पोत्यांवर बसला होता, दोन्ही हात समोर धरून, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मला पाहून म्हणाला, "मले समजलंच नाही व. हात आपोआप गेले." मग थांबून म्हणाला, "मी भेटून नव्हतो राहिलो, शोभे. मी ड्यूटी करून राहिलो होतो." आणि माझा तो पेट्या उचलणारा, पोस्टमनला कवटाळणारा भाऊ ढसाढसा रडायला लागला. "आता मले कोणाले भेटताच येत नाही. घरच्या माणसाले हात लावाची भेव वाटते. राहुलले जवळ घेतो तं हात त्याच्या खिशाकडे जाते..." मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसले. इतकी वर्षं तो दुरून हात का जोडत होता, ते मला त्या खोलीत कळलं.

एवढ्यात दारात सुधाकरराव. ते आत आले, फेटा काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही हात सरळ वर केले. "भाऊ, भेट अर्धीच राहिली आपली. अर्ध्या भेटीवर मी पोरगी नाही नेत." दादा मान हलवत म्हणाला, "नको जी. हात नाही ऐकत माहे." त्यावर सुधाकरराव म्हणाले, "मग फिरू द्या ना. दुसरी पुडी नाही माह्याजवळ. असन तं तेही घेऊन घ्या." दादा उठला. त्यानं त्यांना जवळ घेतलं, दोन्ही हात त्यांच्या पाठीवर ठेवले आणि दाबून धरले. हात पाठीवरून हलले नाहीत. किती वेळ ते दोघे तसेच उभे होते कोण जाणे. बाहेरून कोणीतरी तांदूळ मागायला आलं तेव्हा सुटले.

लग्नानंतर आम्ही दादाला लगेच परत जाऊ दिलं नाही. वहिनीनं आणि मी त्याला नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. तो जायला तयार नव्हता. जेलात कळलं तर लोक काय म्हणतील, ही भीती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे वेड नाही, हा थकवा आहे, कामानं माणूस आतून जळत जातो तो. दादानं विचारलं, "मतलब मी पागल नाही?" डॉक्टर नाही म्हणाले. "मग लिहून द्या जी, बायकोले दाखवाचं आहे." तिथे वहिनी पहिल्यांदा मोकळी हसली. औषध झालं, विश्रांती झाली. तरी काही महिने वाईटच गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. परत रुजू झाला तेव्हा त्यानं स्वतः साहेबांसमोर उभं राहून सांगितलं की मला गेटवरून काढा, आणि मलाच नाही, तिथे कोणालाच वर्षानुवर्षं ठेवू नका, पाळीपाळीनं बदला, पोरं आतून संपून राहिले. साहेब भला निघाला. दादाला त्यानं जेलच्या भाजीबागेकडे दिलं. गेटवरच्या पाळ्यांचं कधी जमलं, कधी नाही. माणसं तर कमीच होती, ती कमीच राहिली.

पण दादानं एक रीत सुरू केली. ड्यूटी संपली की घरी जाण्याआधी नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि शेजारच्या सोबत्याला एक मिठी मारायची. त्याला तो 'ड्यूटी उतरवणं' म्हणायचा. नवीन पोरं आधी त्याला हसली. मग काहींनी हसत हसत सुरू केलं आणि मग हसणं थांबलं, हात धुणं राहिलं.

आमच्या घरात मात्र त्या तलाशीचं वेगळंच झालं. दादानं लोधीखेड्याला घर बांधलं होतं, सुटीत तो तिथे यायचा. लग्नानंतर सुधाकरराव पहिल्यांदा तिथे गेले, तर उंबऱ्यावर थांबून त्यांनी दोन्ही हात वर केले. "घ्या जी साहेब, तलाशी घ्या." दादा क्षणभर पांढरा पडला, आणि मग असा हसला की शेजारी बाहेर आले. त्यानं साग्रसंगीत तलाशी घेतली. खिशात खर्ऱ्याची पुडी! सुधाकररावांनी तर तंबाखू खरोखर सोडली होती, इहीनबाईंची शपथ होती. पुडी उघडली तर आत बडीशेप निघाली. खास पन्नीत घालून, खर्ऱ्यासारखीच बांधून आणलेली, दादाला काहीतरी सापडावं म्हणून. दादानं ती 'जप्त' करून एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवली. तेव्हापासून ते जितक्यांदा आले तितक्यांदा पुडी आणि तितक्यांदा तलाशी. मग माझी नातवंडं, राहुल, त्याची बायको, जो येईल तो दारात हात वर करून उभा. दादा गंभीर चेहऱ्यानं सगळ्यांचे खिसे तपासायचा आणि शेवटी दोन्ही हात पाठीवर ठेवून घट्ट धरायचा. जेवण झालं की डबा फिरायचा. "घ्या, जप्तीची बडीशेप आहे, सरकारी माल आहे," असं म्हणत तो चिमूट चिमूट वाटायचा.

निवृत्त होऊन आला तेव्हा तो पुन्हा जुना दादा झाला होता. मावशी म्हातारी झाली होती, पण त्याला पाहून तिनं परत बांगड्यांचे हात मागे घेतले. तिच्या त्या मागे गेलेल्या हातांनी घरात सगळ्यांना किती आनंद झाला, ते मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही.

दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोधीखेड्याच्या घरी खूप माणसं जमली. जेलातले दोन तरुण प्रहरी इतक्या लांबून आले होते. अंगणातल्या नळावर त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि मग राहुलला मिठी मारली. वंदना झाली, दोन शब्द बोलणाऱ्यांनी वीस बोलून घेतले. वहिनीनं तो बिस्किटाचा डबा दादाच्या फोटोजवळ ठेवला होता. कोणी तरी म्हणालं फुलं ठेवा, डबा कशाला. वहिनी म्हणाली, "राहू द्या जी, त्यायचा सरकारी माल आहे."

सुधाकररावांची गाडी उशिरा आली. ते घाईघाईनं आले, उंबऱ्यावर थांबले आणि सवयीनं त्यांचे दोन्ही हात वर गेले. मग त्यांना आठवलं. पण हात खाली येईनात. दारात तसेच उभे राहिले, पांढरे कपडे घातलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हात वर. सगळे पाहत होते. आमच्याकडे इहीन इवायाच्या जवळ जात नाही. पदर सावरून लांबूनच जयभीम म्हणायचं, एवढीच रीत. मी उठले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या उजव्या खिशात हात घातला. पुडी होती. त्या दिवशीसुद्धा आणली होती त्यांनी, खर्ऱ्यासारखीच बांधलेली.

मी ती उंच धरली. "हे काय होय?" म्हटलं. "आत नाही चालत."

ते हसले आणि तिथेच कोसळायला आले. मी पुडी मुठीत धरली, त्यांना जवळ घेतलं, दोन्ही हात त्यांच्या पाठीवर ठेवले आणि हलवले नाहीत.